तनाख: नाव, तीन भाग आणि पेटीतली पुस्तकं

वाचनखूण (धागालेखिका)

नमस्कार मंडळी,

मी रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. गेल्या महिन्यात गावातल्या एका बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू) कुटुंबाने पुस्तकांनी भरलेली पत्र्याची पेटी आम्हाला दिली. मुलं केव्हाच इस्राएलला गेली, आता आजीही निघाल्या आहेत. पेटीत बरीचशी मराठी पुस्तकं होती आणि तळाशी सहा-सात हिब्रू. त्यातल्या जाडजूड पुस्तकाची मी दाखल नोंदवहीत नोंद केली: "बायबल, जुना करार (हिब्रू)". आजी समोरच बसल्या होत्या. त्यांनी वही स्वतःकडे वळवून घेतली, वाचली आणि म्हणाल्या, "बाई, आमचा करार जुना नाही झालेला. हे तनाख आहे. तनाख लिही."

मी खोडून तनाख लिहिलं. पण नाव लिहिलं म्हणजे काय लिहिलं, ते कळेना, म्हणून तीन आठवडे मिळेल ते वाचते आहे. इथे आधी मांडते. चुकलं असेल तिथे सुधारा.

"तनाख" हा मुळात शब्दच नाही, तीन अक्षरांची मोळी आहे. त म्हणजे तोरा, न म्हणजे नेविईम, ख म्हणजे केतुविम. आपण महानगरपालिकेला मनपा म्हणतो तसं. हिब्रूत फक्त व्यंजनं लिहितात, स्वर वाचणाऱ्याने भरायचे. म्हणून त-न-ख या तीन व्यंजनांत 'आ' घालून तनाख. शेवटी 'क' का नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. हिब्रूतलं काफ हे अक्षर स्वरानंतर आलं की घशातून घासून उच्चारतात, उर्दूतल्या 'खबर'मधल्या ख सारखं. केतुविममध्ये ते सुरुवातीला आहे म्हणून क, तनाखमध्ये शेवटी आहे म्हणून ख.

तोरा म्हणजे पहिली पाच पुस्तकं, मोशेची म्हणून ओळखली जाणारी. नेविईम म्हणजे संदेष्टे: आठ पुस्तकं. केतुविम म्हणजे "लिहिलेलं", म्हणजे लेख: अकरा पुस्तकं. एकूण २४. ख्रिस्ती बायबलच्या जुन्या करारात, निदान प्रोटेस्टंट आवृत्तीत, हाच मजकूर ३९ पुस्तकांत मोजतात. शमुवेल, राजे आणि इतिहास यांचे तिथे दोन-दोन भाग, एज्रा-नहेम्या वेगवेगळे आणि होशेयपासून मलाखीपर्यंतचे बारा लहान संदेष्टे बारा पुस्तकं म्हणून. ज्यू परंपरेत ते बारा मिळून एकच पुस्तक, "तरे असर", म्हणजे अरामी भाषेत "बारा". कागद-पेन्सिल घेऊन बेरीज केली: २४ मध्ये १५ मिळवले की ३९. बरोबर जमतं.

म्हणजे मजकूर तोच, मग आजींना एवढं का लागलं? माझं आत्तापर्यंतचं उत्तर असं की मजकूर तोच असला तरी मांडणी तीच नाही, आणि मांडणी बदलली की पुस्तक वेगळं होतं. ख्रिस्ती क्रमात शेवटी मलाखी येतो, पुढे येणाऱ्या कोणाची तरी वाट पाहणारा. मग पान उलटलं की नवा करार. तनाखच्या प्रचलित छापील क्रमात शेवटचं पुस्तक इतिहास आहे. त्याच्या शेवटी पारसचा (इराणचा) राजा कोरेश फर्मान काढतो की यरुशलेमेत मंदिर बांधायचं आहे, देवाच्या लोकांपैकी जो कोणी असेल त्याच्याबरोबर त्याचा देव असो, आणि शेवटचा शब्द: "वेयाअल". त्याने वर जावं. तिथे ग्रंथ थांबतो.

हा शेवट वाचल्यापासून मला त्या पेटीकडे नुसतं बघवत नाही.

---

रानफूल

सुंदर धागा. एक प्रश्न: तोरा म्हणजे "नियमशास्त्र" ना? मराठी बायबलात तसंच वाचलंय.

---

अश्दोदकर

धागा वाचून राहवलं नाही, म्हणून खूप दिवसांनी इथे लिहितो आहे. माझा जन्म पनवेलचा, १९७०च्या दशकात आईवडिलांबरोबर इकडे इस्राएलला आलो. मराठी घरात टिकवली आहे, लिहिताना मात्र चुकते, सांभाळून घ्या.

रानफूल, तोराचा अर्थ शिकवण. ज्या धातूपासून तोरा आला त्याचा अर्थ नेम धरणं, दिशा दाखवणं. शाळेतल्या मास्तरांना आम्ही इथे "मोरे" म्हणतो आणि बाईंना "मोरा", तोही त्याच धातूचा. ग्रीक भाषांतरात तोरासाठी "नोमोस" म्हणजे कायदा हा शब्द वापरला गेला आणि तिथून "नियम" जगभर गेला. तोरात नियम आहेतच, परंपरेने ६१३ मोजतात. पण सुरुवात कायद्याने होत नाही, गोष्टीने होते. आदाम, नोहा, अब्राहाम, इसहाक, याकोब, त्यांच्या बायका, त्यांची भांडणं, विहिरी, दुष्काळ. बाप मुलाला सांगतो ते सगळं शिकवण.

वाचनखूण ताई, "वेयाअल" आणि "अलिया" एकाच धातूचे आहेत. इस्राएलला येऊन राहण्याला अलिया म्हणतात, म्हणजे वर चढणं. सिनेगॉगमध्ये तोरा वाचायला नाव पुकारून वर बोलावतात, त्यालाही अलियाच. तुमच्या आजी नेमकं तेच करत आहेत.

---

शब्दार्थी

मराठी वाचकाला यातले निम्मे शब्द आधीच येतात, हे कोणी तरी सांगायला हवं.

नेविईम हे "नवी" (हिब्रूत संदेष्टा) याचं अनेकवचन. अरबीतला नबी तोच शब्द. केतुविममधलं क-त-ब हे मूळ आपल्याकडे "किताब" आणि "कातिब" या रूपांत अरबी-फारसीतून आलं. तनाखचं दुसरं जुनं नाव "मिक्रा", म्हणजे जे वाचलं जातं ते. त्याचा धातू क-र-अ, आणि कुराण या शब्दाचं मूळही तेच. तीन-तीन शब्द कोकणातल्या बाजारात ऐकू येणारे आणि तरीही आपण हा विषय परका समजतो.

बेने इस्राएल ज्यांचा नवस बोलतात ते "एलियाहू हनाबी", यातला "ह" म्हणजे "तो" (ठरावीक) आणि "नाबी" म्हणजे संदेष्टा. तनाखच्या दुसऱ्या भागाचं नाव ज्या शब्दावरून आलं, तो शब्द कोकणात मलिद्याच्या ताटासमोर शेकडो वर्षं म्हटला जातो आहे.

आता अनुवाद या शब्दाबद्दल. मराठी बायबलात तोराची पाच पुस्तकं अशी: उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद. शेवटच्या नावाने अनेकांचा गोंधळ होतो, कशाचा अनुवाद? इथे अनुवाद म्हणजे भाषांतर नव्हे. संस्कृतात, विशेषतः मीमांसेत, अनुवाद म्हणजे आधी सांगितलेलं पुन्हा सांगणं. या पुस्तकात मोशे मृत्यूपूर्वी सगळ्या लोकांना आधीची शिकवण पुन्हा ऐकवतो. ज्यू परंपरेत या पुस्तकाला "मिश्ने तोरा", तोराची उजळणी, असंही म्हणतात. ज्याने कोणी मराठीत हे नाव ठरवलं त्याला संस्कृत पक्कं येत होतं.

---

रानफूल

वा! अनुवादचं माहीत नव्हतं. मग हिब्रूत या पाचांची नावं काय आहेत?

---

शब्दार्थी

हिब्रूत नावं विषयावरून नाहीत, सुरुवातीच्या शब्दांवरून आहेत. बेरेशीत (आरंभी), शेमोत (नावं), वायिक्रा (आणि त्याने हाक मारली), बामिदबार (रानात), देवारिम (वचनं). ईश आणि केन ही उपनिषदं पहिल्या शब्दावरूनच ओळखली जातात, तसं. आरतीला आपण गणपतीची आरती असं न म्हणता "सुखकर्ता घ्या" म्हणतो, त्यामागेही हीच सवय आहे: ग्रंथ तोंडपाठ असला की पहिला शब्द उच्चारला तरी पुरतं.

"निर्गम" म्हटलं की मिसरमधून बाहेर पडणं डोळ्यांपुढे येतं. "शेमोत" म्हटलं की मिसरमध्ये गेलेल्या याकोबाच्या मुलांची नावं. एकाच पुस्तकाच्या दोन दारांपैकी कुठल्या दाराने आत शिरलो, एवढाच फरक, पण शिरणाऱ्याला तो जाणवतो.

---

नगरी_माणूस

मी अहमदनगरकडचा मराठी ख्रिस्ती. धागा मनापासून आवडला. आजींचं बोलणं थोडं टोचलं, पण ते टोचायलाच हवं होतं. आम्ही "जुना करार" म्हणतो ते आमच्या "नव्या करारा"च्या संदर्भाने. ज्याच्याकडे दुसरा करार नाही त्याच्या ग्रंथाला जुना म्हणणं योग्य नाही, हे कळायला मला वयाची चाळिशी उलटावी लागली.

तीन भागांची कल्पना नव्या करारातही दिसते. लूकच्या २४व्या अध्यायात येशू "मोशेचं नियमशास्त्र, संदेष्टे आणि स्तोत्रे" असा उल्लेख करतो. तिसऱ्या भागाला तेव्हा पक्कं नाव नसावं. त्याच्याही आधी, इ.स.पू. दुसऱ्या शतकात, बेन सिराच्या नातवाने आजोबांच्या पुस्तकाच्या ग्रीक भाषांतराला प्रस्तावना लिहिली, त्यात "नियमशास्त्र, संदेष्टे आणि बाकीची पुस्तकं" असं म्हटलं आहे.

आमचा क्रम वेगळा झाला तो ग्रीक भाषांतराच्या वाटेने. अलेक्झांड्रियात इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून तोराचं आणि मग बाकीच्या पुस्तकांचं ग्रीक होत गेलं. त्या परंपरेत पुस्तकं प्रकाराप्रमाणे लावली गेली: इतिहास एकत्र, काव्य एकत्र, भविष्यवाद एकत्र. म्हणून रूथ आमच्याकडे शास्त्यांच्या शेजारी बसते, कारण तिची गोष्ट "शास्ते राज्य करत असतानाच्या काळी" घडते. दानीएल मोठ्या संदेष्ट्यांत जातो. तनाखमध्ये हे दोघंही केतुविममध्ये आहेत.

---

वाचनखूण (धागालेखिका)

नगरी_माणूस, मनापासून आभार. दानीएल संदेष्ट्यांत का नाही, हे मलाही कळलं नव्हतं. सिंहांच्या गुहेतला माणूस, स्वप्नांचे अर्थ लावणारा, मग नवी (संदेष्टा) का नाही?

---

जुनी_वही

याला दोन उत्तरं आहेत. परंपरेचं उत्तर असं की नवी देवाचा निरोप घेऊन लोकांकडे पाठवला जातो. दानीएल परक्या राजाच्या दरबारात दृष्टान्त पाहतो, पण लोकांसमोर उभा राहून "परमेश्वर असं म्हणतो" असं बोलत नाही. अभ्यासकांचं उत्तर काळाचं आहे. दानीएलचे शेवटचे अध्याय ते इ.स.पू. दुसऱ्या शतकातले मानतात, आणि तोवर नेविईमचा संच बंद झालेला होता. उशिरा आलेल्या पुस्तकाला जागा मिळाली ती तिसऱ्या, अजून उघड्या असलेल्या भागात. भाषेतही हे दिसतं: दानीएलचा दुसऱ्या अध्यायापासून सातव्यापर्यंतचा मोठा भाग हिब्रूत नसून अरामीत आहे.

नेविईमचेही दोन कप्पे आहेत. "नेविईम रिशोनिम", आधीचे: यहोशवा, शास्ते, शमुवेल, राजे. आणि "नेविईम आहारोनिम", नंतरचे: यशया, यिर्मया, यहेज्केल आणि ते बारा. आपण पहिल्या चौघांना इतिहासाची पुस्तकं म्हणू. ज्यू परंपरेने त्यांना संदेष्ट्यांत ठेवलं. राजा कोणता, लढाई कधी झाली, याहून राजाला तोंडावर बोलणारा माणूस कोण होता हे तिथे मोठं आहे. नाथान दावीदला सांगतो, "तो मनुष्य तूच आहेस." एलिया अहाबासमोर उभा राहतो. या पुस्तकांचा कणा सिंहासन नाही, हे त्या एका वर्गीकरणातून कळतं. मला सगळ्या तनाखच्या मांडणीतला हा सर्वांत मोठा निर्णय वाटतो.

तालमूदात (रब्बींच्या चर्चांचा मोठा जुना ग्रंथ) नंतरच्या संदेष्ट्यांचा क्रम थोडा वेगळा दिला आहे: यिर्मया, यहेज्केल, यशया, बारा. कारणही दिलंय. राजे हे पुस्तक विध्वंसात संपतं. यिर्मया सगळा विध्वंसाचा. यहेज्केल विध्वंसाने सुरू होऊन सांत्वनाने संपतो. यशया सगळा सांत्वनाचा. म्हणून विध्वंसाला विध्वंस लागून ठेवला आणि सांत्वनाला सांत्वन. पुस्तकं लावण्याचं याहून हळवं सूत्र मी कुठल्या ग्रंथालयात पाहिलेलं नाही.

---

कोलाडची_लेक

हे सगळं कधी ठरलं? इ.स. ९०च्या सुमारास याव्ने या गावी रब्बींची परिषद भरली आणि तिथे २४ पुस्तकांवर शिक्का बसला असं वाचलं होतं.

---

जुनी_वही

ती कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी मांडली आणि बराच काळ पाठ्यपुस्तकांत राहिली. आता फारसं कोणी मानत नाही. एका बैठकीत ठराव पास झाला असं चित्र पुराव्यात दिसत नाही. तोरा आधी स्थिर झाली, मग नेविईम, केतुविम सर्वांत शेवटी. इ.स. पहिल्या शतकाच्या अखेरीस ज्यू इतिहासकार जोसेफस २२ पुस्तकं मोजतो, त्याच सुमारास दुसरीकडे २४ हा आकडा येतो.

याव्नेला झाली ती चर्चा, मोजक्या पुस्तकांवर. तिचा शब्दप्रयोग आपल्या लोकांना लगेच उमजेल. प्रश्न असा विचारायचे: हे पुस्तक "हात विटाळतं" का? पवित्र पुस्तकाला हात लागला की हात धुवावे लागत. म्हणजे जे विटाळतं ते पवित्र. आपल्या सोवळ्याच्या बरोबर उलट वाटतं ना? तालमूद कारण सांगतो: लोक देवाच्या वाट्याचं धान्य आणि ग्रंथाची गुंडाळी एकाच ठिकाणी ठेवायचे, दोन्ही पवित्र म्हणून. मग उंदीर यायचे आणि धान्याबरोबर ग्रंथही कुरतडायचे. तेव्हा विद्वानांनी ठरवलं की ग्रंथाचा विटाळ मानायचा, म्हणजे धान्य आपोआप लांब राहील.

वाद होता उपदेशक आणि गीतरत्न यांच्यावर. रब्बी अकिवा म्हणाले की सगळे केतुविम पवित्र आहेत, पण गीतरत्न म्हणजे पवित्रांतलं परमपवित्र. प्रियकर-प्रेयसीच्या गाण्यांबद्दल हे म्हणणारा माणूस मला फार थोर वाटतो.

---

वाचनखूण (धागालेखिका)

उंदरांची गोष्ट कुठल्याही ग्रंथपालाला सांगा, क्षणात पटेल.

---

वसईची_सून

आमच्या कॅथलिक बायबलमध्ये जुन्या करारात ४६ पुस्तकं आहेत. तोबित, यहुदीथ, मक्काबींची दोन पुस्तकं, बेन सिरा वगैरे. ती तनाखमध्ये नाहीत असं कळतंय. पण हनुक्का हा सण तर मक्काबींच्या विजयाचा ना? मग पुस्तक नाही आणि सण आहे, हे कसं?

---

अश्दोदकर

ताई, अगदी खरं. हनुक्काचे आठ दिवस आम्ही दिवे लावतो आणि त्याची गोष्ट ज्या पुस्तकात आहे ते आमच्या तनाखमध्ये नाही. सण तालमूदाने आणि घरांनी सांभाळला.

आणि हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या लोकांची परंपरा सांगते की नौगावजवळ जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, ग्रंथ समुद्रात गेले. उरली ती "शेमा इस्राएल" ही प्रार्थना, शनिवारी घाणा बंद ठेवणं म्हणून "शनवार तेली" हे नाव, सुंता, खाण्याचे नियम आणि सण. सणांची हिब्रू नावंही विसरली होती, म्हणून मराठी नावं पडली. तिशा बआव, म्हणजे दोन्ही मंदिरं पडल्याचा उपवास, आमच्या आजीच्या तोंडी "बिरड्याचा रोजा" होता, कारण उपवास वालाच्या बिरड्यावर सोडायचा. पुरीम म्हणजे "होळीचा सण". योम किप्पूर म्हणजे "दारफाळणीचा सण".

पुढे पुस्तकं परत आली तेव्हा प्रत्येक सणाला आपलं पुस्तक सापडलं. केतुविममध्ये पाच छोटी पुस्तकं आहेत, त्यांना "मेगिल्लोत" म्हणतात, म्हणजे गुंडाळ्या. प्रत्येकीचा दिवस ठरलेला. पेसाहला गीतरत्न, शावुओतला रूथ, बिरड्याच्या रोजाला विलापगीत, सुक्कोतला उपदेशक, होळीच्या सणाला एस्तेर. विलापगीताचं हिब्रू नाव "एखा", म्हणजे "कसं". "कशी एकटी बसली आहे ती नगरी", इथून सुरुवात. आमच्याकडे ते जमिनीवर बसून, अंधुक उजेडात वाचतात. तो सूर कानात बसला की वर्षभर जात नाही. प्रत्येक समाजाची पद्धत थोडी वेगळी, सगळीकडे पाचही मेगिल्लोत वाचतातच असं नाही. पण एस्तेर आणि एखा कोणी चुकवत नाही.

एस्तेरच्या पहिल्याच ओळीत आपला देशही आहे. राजा अहश्वेरोशाचं राज्य "होदूपासून कूशपर्यंत", १२७ प्रांतांवर. होदू म्हणजे हिंदुस्थान. आजही हिब्रूत भारताला होदूच म्हणतात.

---

रानफूल

बिरड्याचा रोजा! आमच्या शेजारच्या मावशींकडून लहानपणी हा शब्द ऐकला होता, अर्थ आज कळला. काका, तोरा आणि नेविईम कसं वाचतात तेही सांगा ना.

---

अश्दोदकर

सांगतो. तोरा ५४ भागांत वाटलेली आहे. दर शब्बाथला एक भाग, त्याला "पाराशा" म्हणतात, लागलं तर दोन एकत्र. वर्षात पूर्ण होते. सिमहात तोराच्या दिवशी देवारिमचा शेवट वाचतात आणि लगेच बेरेशीत सुरू. मध्ये एक दिवसही रिकामा जात नाही.

वाचतात ती छापील पुस्तकातून नाही, "सेफेर तोरा"मधून. चामड्यावर हाताने लिहिलेली गुंडाळी. स्वरचिन्हं नाहीत, विरामचिन्हं नाहीत, सुरांच्या खुणा नाहीत. वाचणाऱ्याने आधी पाठ करून यायचं. अक्षराला बोट लावायचं नाही, "याद" नावाची चांदीची काठी असते, तिच्या टोकाला छोटा हात, त्याने ओळ दाखवायची. गुंडाळीत एक अक्षर जरी पुसलं तरी दुरुस्त होईपर्यंत ती वाचायला काढत नाहीत. लिहिणाऱ्याला "सोफेर" म्हणतात. त्या शब्दाच्या धातूत मोजणंही आहे, कारण जुने सोफेर तोराची अक्षरं मोजायचे. परंपरेने तोरात ३,०४,८०५ अक्षरं.

तोरानंतर नेविईममधला एक ठरलेला तुकडा वाचतात, त्याला "हफ्तारा". संपूर्ण नेविईम असे वाचले जात नाहीत, निवडक तुकडे. दारफाळणीच्या सणाला दुपारी मात्र योनाचं पुस्तक अख्खं. मुलगा तेरा वर्षांचा झाला की बार मित्स्वाला बहुधा हफ्तारा वाचतो. मी वाचली तेव्हा आई वरच्या मजल्यावर बायकांच्या भागात उभी होती आणि माझ्याबरोबर ओठ हलवत होती. तिला हिब्रू वाचता येत नव्हतं. महिनाभर माझी तयारी ऐकून तिला ती पाठ झाली होती.

तर तीन भाग हे कागदावरचे कप्पे नाहीत. तोरा पूर्ण आणि सलग, हातच्या अक्षरातून. नेविईम तुकड्या-तुकड्यांनी, तोराला जोडून. केतुविम सणांना आणि घरी. आजारपणात, प्रवासात, मयताच्या घरी तेहिल्लीम, म्हणजे स्तोत्रं. माझ्या वडिलांच्या उशाशी तनाख नसायचं, तेहिल्लीमचं छोटं पुस्तक असायचं. झिजून त्याच्या कडा गोल झाल्या होत्या.

---

शब्दार्थी

अवांतर नाही, पण जरा बाजूचं. श्रुती आणि स्मृती यांच्याशी तुलना करायचा मोह होतो आहे. तोरा म्हणजे श्रुती आणि बाकी स्मृती?

---

जुनी_वही

थोडी लागू पडते, फार ताणू नये. पावित्र्याची उतरंड आहे हे खरं. पण नेविईम आणि केतुविमही लिखित शास्त्रच आहेत. स्मृतीसारखी जागा द्यायचीच तर "तोरा शे-बेआल-पे" म्हणजे मुखाने दिलेली तोरा आहे, जी पुढे मिश्ना आणि तालमूदात उतरली. आणि ज्यू परंपरेत तिचीही मुळं सिनाय पर्वतावरच मानतात. कराई पंथाने ती नाकारली आणि फक्त तनाख मानलं. शोमरोनी लोक तर फक्त तोरा मानतात. नाब्लसजवळच्या गरिज्जीम डोंगरावर आणि होलोनमध्ये ते आजही आहेत, हजाराच्या आत. कोण किती भाग मानतो, यावर माणसांचे समाज वेगळे झाले.

वेदांशी खरी तुलना पाठाची आहे. आपल्याकडे पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ करून अक्षर सांभाळलं. तिकडे मासोरा परंपरेच्या पंडितांनी स्वर, सूर आणि समासातल्या बारीक टिपा लिहून सांभाळलं. कुठला शब्द किती वेळा आला, कुठे लिहिलंय एक आणि वाचायचं दुसरं. देवाचं चार अक्षरी नाव लिहिलेलं असतं, वाचताना "अदोनाय" म्हणजे "माझा प्रभू" म्हणतात. अशा तनाखच्या पोथ्यांपैकी अलेप्पोची (सीरियातली) पोथी इ.स. ९३०च्या सुमाराची. १९४७च्या दंगलीनंतर तिची बरीच पानं नाहीशी झाली, जवळजवळ सगळी तोराच गेली. संपूर्ण असलेली सर्वांत जुनी हिब्रू पोथी सेंट पीटर्सबर्गला आहे, सुमारे इ.स. १००८ची.

आणि धाग्याच्या सुरुवातीच्या मुद्द्याला एक जोड: या दोन्ही पोथ्यांत केतुविमची सुरुवात इतिहास या पुस्तकाने होते, शेवट नाही. तालमूदातल्या यादीत आणि नेहमीच्या छापील प्रतींत मात्र ते शेवटी आहे. म्हणून "वेयाअल" हा शेवट परंपरेचा आहे, पण एकमेव नाही.

---

वाचनखूण (धागालेखिका)

ही दुरुस्ती महत्त्वाची आहे, धन्यवाद. मी "प्रचलित छापील क्रमात" असं लिहिलं होतं ते नशीब.

पेटीतल्या मराठी पुस्तकांकडेही या चर्चेमुळे नव्याने पाहिलं. हिब्रूतून मराठीत आलेल्या प्रार्थनांची दोन पुस्तकं आहेत आणि एक हस्तलिखित वही, त्यात योसेफाच्या गोष्टीवर मराठी कीर्तन. अभंग, साकी, दिंडी, सगळं. बेने इस्राएलांनी एकोणिसाव्या शतकात बायबलच्या कथांवर मराठी कीर्तनं रचली हे वाचलं होतं, हातात पहिल्यांदाच घेतलं. मराठीतून हिब्रू व्याकरण शिकवणारं जॉन विल्सन यांचं पुस्तक १८३२चं, आणि पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या तोवर काम पुरं झालं होतं. म्हणजे हिब्रू ते मराठी ही वाट अनेकांनी पायाखाली घातलेली आहे.

जाड तनाखमध्ये नेविईमच्या भागात एका पानाच्या समासात पेन्सिलने देवनागरीत लिहिलंय: "धाकट्याची इथून" आणि दोन पानांनी "इथपर्यंत". काल फोनवर आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "हफ्तारा. मोठ्याची वेगळी होती, ती शोध पुढे." शोधली. आहे.

आता प्रश्न मांडणीचा. पेटीत एकत्र बांधलेलं तनाख एक, फक्त तोराची पुस्तकं (त्यांना हुमाश म्हणतात असं कळलं) दोन, तेहिल्लीम दोन, यशया सुटा एक. कपाटात कसे ठेवू?

---

अश्दोदकर

एकत्र बांधावं की नाही यावरही तालमूदात वाद आहे. रब्बी मेइर म्हणाले तिन्ही भाग एकत्र चालतील, रब्बी येहुदा म्हणाले तोरा वेगळी, नेविईम वेगळे, केतुविम वेगळे. तुमच्या पेटीत दोघांचंही ऐकलेलं दिसतंय.

उभे ठेवलेत तर काही अडचण नाही. आडवे रचणार असाल तर आमचा नियम असा: हुमाशवर नेविईम किंवा केतुविम ठेवायचे नाहीत, त्यांच्यावर हुमाश ठेवलेला चालतो. नेविईम आणि केतुविम यांच्यात आपसात वर-खाली चालतं. जमिनीवर कधीच नाही. आणि एखादं फार फाटलं तर रद्दीत घालू नका, अलिबागच्या किंवा पनवेलच्या सिनेगॉगमध्ये विचारा, ते पुरायची व्यवस्था सांगतील.

---

वाचनखूण (धागालेखिका)

काचेच्या कपाटात उभं ठेवायला जागा नाही, म्हणून आडवेच ठेवले. आज सकाळी पुसून रचले. सर्वांत खाली तेहिल्लीम, त्यावर यशया, वर दोन्ही हुमाश. तनाख शेजारी स्वतंत्र, पेन्सिलच्या खुणांच्या पानांत साध्या कागदाच्या पट्ट्या घालून. नोंदवहीत आता असं आहे: "तनाख (तोरा, नेविईम, केतुविम), हिब्रू, २४ पुस्तके". आजी गुरुवारी निघणार आहेत. बुधवारी येऊन नोंद वाचून जाते म्हणाल्या.